दोन मनोऱ्यांमधलं पाणी

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमाराला, शेलवडीच्या माणसांनी करमोडच्या धक्क्यावरच्या पाच होड्या पेटवल्या. बॅटरीवर चालणाऱ्या फायबरच्या होड्या त्या. पहिली पेटली तशी तिची बॅटरी फुटली आणि मग एकीनं दुसरीला धरलं. धूर इतका काळा आणि जड होता की तो वर न जाता पाण्यावरच पसरत राहिला.

सारजा केवटे धावत धक्क्यावर आली तेव्हा तिचा नवरा हरिदास चौथ्या होडीत होता. फळीखाली आडवा होऊन तो बॅटरीच्या तारा पुसत होता. बाहेर कोण आलं, काय टाकलं, त्याला काहीच कळलं नव्हतं. तो बाहेर आला तो दोन्ही हात पुढे धरून, आणि हात कोपरापर्यंत जळत होते. त्यानं पाण्यात उडी घेतली. सारजानं त्याला मनगटाला धरून काठावर ओढलं, तर मनगटाची कातडी तिच्या मुठीत आली.

तिनं मान वर केली. तीन होड्या शेलवडीकडे परत निघाल्या होत्या. शेवटच्या होडीत एक जण होडीच्या कडेवर पाय टेकवून उभा होता आणि मागे वळून बघत होता. तोंड दिसण्याइतकी होडी जवळ नव्हती. पण पाण्यावर असा उभा राहणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. तिचा धाकटा भाऊ, भागवत मल्लाव.

खडकवीर धरणाचा फुगवटा त्या ठिकाणी अडीच किलोमीटर रुंद आहे. पूर्वेच्या काठाला शेलवडी, सारजाचं माहेर. पश्चिमेच्या काठाला करमोड, तिचं सासर. तिचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड होड्यांतूनच आलं होतं, आणि पुढे वीस वर्षं ती मनात आलं की होडी काढून माहेरी जायची, चहा पिऊन परत यायची. दोन्ही गावं भोयांची. दसरा झाला की उत्तरेकडून पाखरं यायला लागायची. आधी चक्रवाक, मग तलवार बदकं, थापटे, आणि सगळ्यांत शेवटी पट्टकादंब: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस, जे हिमालय ओलांडून येतात. पाखरं कधी या काठाला बसायची, कधी त्या. शहरातले लोक दुर्बिणी घेऊन यायचे, आणि दोन्ही गावांतले लोक मासेमारी अर्धीमुर्धी सोडून त्यांना होडीतून फिरवायला लागले. सारजा आणि भागवत दोघांनाही पाखरं ओळखायला त्यांचे चुलते काशिनाथतात्या यांनीच शिकवलं. तात्या शाळेत फार गेले नव्हते, पण थव्याकडे एकदा बघून आकडा सांगायचे, आणि नंतर फोटो काढून कुणी मोजलं तर दहा-पंधराचाच फरक निघायचा.

मग शेलवडीमागच्या माळावर सौर प्रकल्प आला आणि त्याच्या वीजवाहिन्या काठाकाठानं गेल्या. धुक्याच्या सकाळी उतरणारे हंस तारांवर आपटून मरायला लागले. एका हंगामात तात्यांनी तारांखाली सहाशे चाळीस मेलेले पक्षी मोजले. तो आकडा वर्तमानपत्रात आला आणि तो वाचून डॉ. शर्वरी तिरमारे गावात आल्या.

तिरमारेबाई पक्ष्यांच्या डोळ्यांवर काम करायच्या. शाळेच्या पटांगणात त्यांनी गावाला समजावून सांगितलं, ते सारजाला अजून पाठ होतं. पक्ष्याला उत्तर दिशा कळते ती डोळ्यानं. त्याच्या डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांची एक जोडी फुटते, आणि ही जोडी इतकी नाजूक असते की होकायंत्राची सुई जेमतेम हलवणारं पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा तिच्यावर परिणाम करतं. त्यामुळे पक्ष्याला चुंबकत्व बहुधा दिसत असावं, आकाशावर ओढलेल्या एखाद्या उजळ पट्ट्यासारखं. रेडिओ लहरींच्या गोंगाटानं हा पट्टा पुसला जातो हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. बाईंनी उलट विचार केला. गोंगाटानं पट्टा पुसता येत असेल, तर नेमक्या लहरींनी तो काढताही आला पाहिजे.

त्यांनी शेलवडीच्या उत्तर टोकाला तीस मीटर उंचीचा मनोरा उभा केला. वर सहा अँटेना, खाली पत्र्याची खोली. वीज घरातल्या पंख्याएवढी लागायची. मनोरा सुरू झाला की नव्वद किलोमीटरच्या आतल्या पक्ष्याला आकाशात एक वाट उजळलेली दिसायची, आणि ती वाट तारा टाळून, पाण्याच्या लांबीवरून, उत्तरेकडून शेलवडीच्या काठात आत शिरलेल्या पाण्यात, गावच्या भाषेत खाडीत, उतरायची. पहिल्याच हंगामात तारांखाली फक्त अकरा पक्षी सापडले. तिरमारेबाईंच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं होतं.

पुढचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नव्वद किलोमीटरमधली सगळी तळी ओस पडली. पाखरं एकाच खाडीत, इतकी दाटीनं, की पाणी दिसेना. लोक देशभरातून शेलवडीला यायला लागले, तिथं हॉटेलं झाली, पक्की सडक झाली. करमोडला एक पाणकावळा तेवढा उरला. बाईंनी लहरींचा जोर कमी करा म्हणून सांगितलं. पण तोवर मनोरा गावाच्या समितीकडे गेला होता आणि तो चालवत होता भागवत. समितीनं जोर वाढवला.

सातव्या वर्षी करमोडनं दुसऱ्याच एका खात्याची परवानगी मिळवून आपला मनोरा उभा केला. बारावी झालेली आणि होड्यांच्या मोटरी स्वतः दुरुस्त करणारी बाई म्हणून तो चालवायला सारजाला शिकवलं. दसऱ्याला तिनं कळ दाबली तेव्हा सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि तीही हसत होती. हे तिनं पुढे कधीच लपवलं नाही. तिला आनंद झाला होता.

त्या कळीला शेलवडीनं दिलेलं उत्तर म्हणजे त्या पाच होड्या.

*

हरिदासला तालुक्याच्या दवाखान्यातून सहाव्या दिवशी घरी आणलं. हातांना बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या. तो मूळचा अबोल, होडी पाण्यात घातली की शीळ घालणारा माणूस. आता तो ओट्यावर बसून शेलवडीकडे बघत राहायचा आणि जो येईल त्याच्याशी फक्त होड्यांबद्दल बोलायचा. करमोडच्या तरण्या पोरांचा त्याच्याभोवती घोळका असायचा. सारजानं एकदा म्हणून बघितलं की पोलिसांना त्यांचं काम करू द्या. तो म्हणाला की पोलिसांनी तुझ्या भावाला चहा पाजून सोडला. ते खरंच होतं.

दोन्ही काठांवर दोन-दोन हवालदार बसवले गेले आणि पाण्याच्या मधोमध तरंगत्या पिंपांची एक रांग टाकली गेली. इकडच्या होड्या इकडे, तिकडच्या तिकडे.

दिवाळीच्या आधी चार दिवस पट्टकादंब आले. पहाटे आवाज आला तशी सारजा मनोऱ्याच्या खोलीबाहेर येऊन उभी राहिली. उत्तरेकडून रांगा येत होत्या, एकामागून एक, नेहमीसारख्याच. पिंपांच्या रांगेपाशी पोचल्यावर पहिली रांग पूर्वेला वळली, मग अडखळल्यासारखी होऊन पश्चिमेला वळली, परत पूर्वेला. दुसरी रांग तिच्यात घुसली. तासाभरात पाण्याच्या मधोमध, दोन्ही मनोऱ्यांपासून सारख्या अंतरावर, अकरा हजार हंस गोल फिरत होते.

ते दृश्य विलक्षण होतं, यात शंका नाही. आठशे मीटर रुंदीचं जिवंत चाक, पाण्यापासून वर ढगापर्यंत, आणि त्याचा आवाज दोन्ही गावांत घराघरांत ऐकू येणारा. दुपारपर्यंत त्याचे व्हिडिओ जगभर गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवर गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही. समित्यांना कळून चुकलं की पाखरं उतरण्यापेक्षा न उतरणंच लोकांना जास्त बघायचं आहे. मनोरा बंद करायचं नाव दोन्हीकडे कुणी काढेना.

हंस दमून मधेच पाण्यावर बसत, पण दहा मिनिटांत डोळ्यांपुढचे दोन पट्टे त्यांना परत उठवत. चारा होता काठांवरच्या शेतांत, आणि काठाला कुणीच पोचत नव्हतं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या अंगात शिल्लक ती किती असणार.

तिसऱ्या दिवशी ते पडायला लागले. पहिला पडला तो बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सूर मारला. मग दोन, मग एकदम सात-आठ. अडीच किलोचा पक्षी दोनशे मीटरवरून पाण्यावर आदळला की बंदुकीसारखा आवाज होतो. एक हंस करमोडच्या प्रवासी होडीत पडला आणि पुण्याहून आलेल्या एका बाईंचं खांद्याचं हाड मोडून गेला. होडीच्या तळाशी बाईंचं आणि पक्ष्याचं रक्त एकत्र झालं. मागच्या बाकावरची माणसं मोबाईल वर धरून होती.

त्याच दुपारी तिरमारेबाईंचा सारजाला फोन आला. दोन्ही खात्यांच्या साहेबांशी बोलून त्या थकल्या होत्या. आधी कुणाचा मनोरा बंद करायचा यावर तिथं बैठका चालल्या होत्या. बाईंनी तिला एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. करमोडचा मनोरा आधी बंद झाला तर सगळे पक्षी मधल्या पाण्यावरून सरळ शेलवडीकडे ओढले जातील, आणि मधे काठालगत त्या वीजवाहिन्या आहेत. उत्तरेकडून येणारी जुनी वाट तारा टाळायची. मधून जाणारी वाट तारांमधूनच जाते. म्हणून आधी शेलवडीचा बंद झाला पाहिजे. मग लगेच करमोडचा, म्हणजे पाखरं मोकळी होतील.

सारजानं भावाला फोन लावला. होड्या जळल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. होड्यांचा विषय तिनं काढला नाही. बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली की तू बंद कर, मिनिटाच्या आत मी करते, शपथ घेते.

भागवतनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, तू कुणाकडून बोलतेयस?"

"पाखरांकडून बोलतेय म्हण."

"तुमचं गाव चालेल का तुझ्या शपथेवर? मी बंद केला की तुमची पोरं तुला त्या खोलीत पाऊल टाकू देतील का?"

खोलीच्या दारात हरिदासनं चार जण बसवले होते.

*

चौथ्या दिवशी दुपारी काशिनाथतात्या आपली जुनी लाकडी डोंगी घेऊन पाण्यात उतरले. अडुसष्ट वर्षांचे. कुणालाही न विचारता ते मधोमध गेले आणि पडलेल्या हंसांतले जिवंत तेवढे उचलून डोंगीत ठेवू लागले. पंख मोडलेल्यांना गोणपाटात गुंडाळत होते. सारजा मनोऱ्याच्या पायऱ्यांवरून दुर्बिणीतून बघत होती. एक हंस पिंपांच्या रांगेच्या अलीकडे, करमोडच्या बाजूला तरंगत होता. तात्यांनी पिंप हातानं बाजूला सारलं आणि डोंगी आत घातली.

करमोडची एक होडी त्यांच्या अंगावर गेली. तिच्यात चार माणसं होती. सारजानं आधी पट्ट्या ओळखल्या, मग माणूस. दवाखान्यातून आल्यापासून ज्याला चमचा धरता येत नव्हता, ज्याला तीच भरवत होती, त्या हरिदासनं पट्टीच्या हातांनी वल्हं उचललं. तात्या पाठमोरे वाकले होते, दोन्ही हात पक्ष्याखाली घातलेले. वल्हं त्यांच्या मानेवर बसलं. ते पक्ष्यासकट पुढे गेले. डोंगी कलंडली, गोणपाटं पाण्यावर पसरली, आणि तात्या वर आलेच नाहीत.

आजूबाजूला पर्यटकांच्या निदान वीस होड्या होत्या. वर चाक फिरतच होतं आणि सगळ्यांचे मोबाईल तिकडेच होते.

हरिदास घरी आला तेव्हा पट्ट्या ओल्या होत्या आणि त्यांतून लाल झिरपत होतं. सारजानं त्या सोडल्या, नव्या बांधल्या. तिनं विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

"मला तात्या दिसलेच नाहीत," तो म्हणाला. "मला शेलवडीची होडी दिसली."

तो खोटं बोलत नव्हता. सारजाला भीती वाटली ती याच गोष्टीची. एकवीस वर्षं ज्याच्याशेजारी ती निजली होती तो माणूस तिच्यासमोर बसला होता, आणि त्याच्या बोलण्यात कुठंही पश्चात्तापाचा ताण नव्हता. पोलीस संध्याकाळी आले, त्याला घेऊन गेले. गाव जमलं होतं. कुणी काही बघितलं नाही असं सगळ्यांनी सांगितलं. सारजानं सांगितलं, मी बघितलं. मग कुणीतरी मागून फेकलेला दगड तिच्या कानाजवळून गेला.

पहाटे जाळ्याला तात्या लागले. करमोडच्या जाळ्याला. उजेड झाल्यावर कुणी त्यांना हात लावेना. हा मृतदेह आपल्या काठावर असणं म्हणजे काय, हे सगळ्यांना समजत होतं. काल ज्या बाईवर दगड टाकला तिलाच लोकांनी येऊन विचारलं की तुझे चुलते आहेत, तू नेतेस का त्यांना. मनोऱ्याच्या दारातले चौघेही त्या गडबडीत धक्क्यावर आले होते. सारजा म्हणाली, नेते. खोलीतनं चादर घेऊन येते.

खोलीत ती तीन मिनिटं होती. तिनं यंत्राला वेळ लावून दिली: नऊ वाजता बंद, आणि बंद होताना लहरींच्या सगळ्या नोंदी पुसून टाकायच्या, म्हणजे परत सुरू करता येऊ नये. मग पासवर्ड बदलला. चादर घेतली. खिळ्याला लटकवलेला उसाचा कोयता चादरीत गुंडाळला.

तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचावन्न मिनिटांत शेलवडीचा मनोरा बंद झाला नाही, तर अकरा हजार पक्षी तारांवर जाणार होते, आणि ते तिनंच घडवून आणलेलं असणार होतं. भावाला "आधी तू" म्हणायचे दिवस तिच्या लेखी संपले होते.

*

मृतदेह असलेली होडी बघून शेलवडीच्या लोकांनी वाट दिली. हवालदारही बाजूला झाले. धक्क्यावर बायकांनी हंबरडा फोडला. तात्यांना उचलून पारावर नेलं, सगळं गाव तिकडे लोटलं, आणि सारजा त्या गर्दीच्या उलट दिशेनं, काठाकाठानं, उत्तर टोकाकडे चालायला लागली. भागवतनं तिला बघितलं. तो मागून पळत आला.

मनोऱ्यापाशी पोचायला नऊला नऊ मिनिटं कमी होती. खोलीला कुलूप होतं. तिनं किल्ली मागितली. त्यानं नाही म्हटलं. मग तिनं त्याला सांगून टाकलं की नऊ वाजता करमोडचा बंद पडतोय, आता तो मलासुद्धा थांबवता येत नाही.

भागवत वर चाकाकडे बघत राहिला. रात्रभर न झोपल्यामुळे त्याचे डोळे लाल होते. "म्हणजे नऊनंतर सगळी पाखरं आमची," तो हळूच म्हणाला.

"तारांवर जातील, भागा."

"काही जातील. सगळी नाही जात." तो बोलत होता आणि त्याचाच आवाज त्याला पटत नव्हता हे तिला ऐकू येत होतं. "आज मी बंद केला तर उद्या गाव मला विचारेल, तात्या कशासाठी गेले?"

त्याच्याशी बोलण्यात नऊ वाजत आले. तिनं सगळं सांगितलं: हरिदासचं नाव आपण दिलं हेही सांगितलं, होडी पेटवताना आत माणूस आहे हे तुला माहीत होतं का हेही विचारलं. तो म्हणाला, माहीत नव्हतं. मग म्हणाला की माहीत असतं तरी त्या सकाळी थांबलो असतो का, ते सांगता येत नाही.

खोलीच्या भिंतीतून अंगठ्याएवढी जाड काळी केबल बाहेर येत होती आणि वीतभर उघडी राहून पुढे लोखंडी नळीतून मनोऱ्यावर चढत होती. सारजानं चादर सोडली. कोयता बघून भागवत पुढे झाला आणि त्यानं केबल उजव्या हातानं, लोखंडी खांबाशी दाबून, घट्ट धरली.

"बाजूला हो," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"भागा, बाजूला हो."

पलीकडच्या काठावर करमोडचा मनोरा नऊला बंद पडला. आवाज काहीच झाला नाही. फक्त चाकाची पूर्वेकडची कड सुटली. आधी एक फाटा, मग दुसरा, पाण्यावरून खाली येत सरळ त्यांच्याकडे निघाला. पहिले हंस तारांना भिडले तेव्हा निळसर प्रकाश झाला आणि जळक्या पिसांचा वास लगेच आला. मागचे थांबू शकत नव्हते. ते तारांवर, एकमेकांवर, मनोऱ्याच्या पायाशी येऊन पडत होते. एक भागवतच्या पायावर पडला, अजून जिवंत, मान वर करून फुत्कारत. त्यानं खाली बघितलं, पण हात काढला नाही.

"बाजूला हो," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि घाव घातला.

पहिल्या घावात केबल अर्धी तुटली आणि तीन बोटं गेली. दुसरा घाव तिनं मोकळ्या केबलवर घातला.

*

तारांखाली त्या सकाळी चारशे सत्तर हंस सापडले. बाकीचे एका क्षणी जिथं होते तिथंच, आकाशात, विस्कटले. कुणी हाक मारायचं थांबलं की माणूस जसा घुटमळतो तसे ते दोन-तीन फेऱ्या घुटमळले. मग त्यांनी रांगा धरल्या आणि दक्षिणेकडे निघून गेले. खाली उतरला नाही एकही. सारजानं ते नीट बघितलं नाही. ती भावाच्या मनगटावर चादरीची पट्टी आवळत होती, आणि तो पांढराफटक पडून, दातावर दात दाबून, तिच्या खांद्याला टेकून बसला होता.

खटला दोन वर्षं चालला. तात्यांच्या खुनाबद्दल हरिदासला जन्मठेप झाली, ती मुख्यतः सारजाच्या साक्षीवर. साक्ष देताना ती त्याच्याकडे बघून बोलली. तिच्या स्वतःच्या खटल्यात वकिलानं तिला शिकवलं होतं की केबलवर वार करताना हात मधे आला असं सांग. तिनं सांगितलं, हात मला दिसत होता. भागवतनं साक्षीत तिला वाचवलं नाही आणि बुडवलंही नाही. तो एवढंच म्हणाला की तिनं मला तीनदा बाजूला हो म्हटलं. होड्या जाळल्याची शिक्षा त्यालाही झाली. तिला तीन वर्षं, त्याला चार.

दोन्ही मनोरे पाडले गेले आणि अशा यंत्रांवर बंदी आली. पण हंस खडकवीरला परतले नाहीत. पट्टकादंबांची पिल्लं वाट जन्मतः शिकून येत नाहीत, आईबापांबरोबर उडून शिकतात, हे तिरमारेबाईंनी चौकशी समितीपुढे सांगितलं; जे त्या सकाळी वाचले त्यांनी आपल्या पिल्लांना ही वाट दाखवली नाही. शेलवडीची हॉटेलं बंद पडली. दोन्ही गावं पुन्हा जाळी टाकायला लागली, एकाच पाण्यात, एकमेकांकडे न बघता.

सुटून आल्यावर सारजाला करमोडनं घेतलं नाही आणि शेलवडीला ती गेली नाही. तालुक्याच्या गावी रोपवाटिकेत तिनं काम धरलं. तिथं एक दिवस, कार्तिकात, भागवत मोटारसायकलवर आला. तो सुटून आला आहे हे तिला ठाऊक होतं. सात वर्षांत दोघं कोर्टाबाहेर बोलले नव्हते. त्यानं गाडी बंद केली नाही.

"कोरेगव्हाणच्या माळावर गावतळं आहे," तो म्हणाला. "बसतेस का?"

पन्नास किलोमीटर ती त्याच्या मागे बसून गेली. तळं लहान होतं, गुरं पाणी प्यायची तेवढं. बाभळीच्या आड दोघं खाली बसले. पलीकडच्या काठावर, हरभऱ्याच्या रानालगत, हंस चरत होते. सारजानं तात्यांच्या पद्धतीनं एकदा नजर फिरवली. दोनशे दहा, फार तर दोनशे वीस. तिनं आकडा सांगितला. भागवतनं मान हलवली. त्याचाही तेवढाच होता. बऱ्याच वेळानं तिनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बघितला. अंगठा, तर्जनी, आणि बाकी तीन बोटांच्या जागी गुळगुळीत झालेला मांसाचा उंचवटा. त्यानं हात काढून घेतला नाही.

ऊन कलल्यावर ते रस्त्याला आले. गाडी सुरू करणार, तेवढ्यात एक पांढरी मोटार येऊन थांबली. आत नवरा-बायको, मागच्या सीटवर दुर्बिणी, मोठ्या भिंगाचा कॅमेरा. माणूस सज्जन दिसत होता. त्यानं काच खाली करून नमस्कार केला आणि म्हणाला की या भागात कुठं तरी बाहेरचे पक्षी उतरलेत असं ऐकलं, तुम्हाला काही माहीत आहे का.

सारजानं भावाकडे बघितलं. भागवतनं उजवा हात वर केला आणि दोन बोटांनी, नीट, गावाच्या पलीकडचा, उलट दिशेचा रस्ता दाखवला. गाडीतली बाई त्या हाताकडे बघतच राहिली. मग तिनं नजर वळवली, आभार मानले, आणि गाडी धूळ उडवत त्या रस्त्यानं निघून गेली.